खाली फ्लॅटमधली टाळी

आधीच स्पष्ट सांगते, मला असल्या गोष्टींचा मनापासून कंटाळा आहे. गेट-टुगेदरमध्ये कुणी "आमच्या गावी एकदा ना…" सुरू केलं की मी भांडी आवरायला किचनमध्ये उठून जाते. तेव्हा मी दुबईत, रास अल खोरच्या एका वेअरहाउसमध्ये डिस्पॅच सांभाळायचे. तिथे साधा खोका आला तरी कुणी पाठवला, कुणी उतरवला, सगळं विचारलं जातं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण इतकी वर्षं डोक्याला ताप झालाय, एकदाचं लिहून टाकते.

मंदीचा काळ. आम्ही दुबईत इंटरनॅशनल सिटीला राहायचो, पर्शिया क्लस्टरमध्ये, वन बेडरूम. माझा नवरा मिलिंद एका कन्स्ट्रक्शन कंपनीत होता. टॉवरचं काम अर्ध्यावर थांबलं आणि त्याची नोकरी गेली. तशी ती आजूबाजूच्या कित्येकांची गेली होती. पण मिलिंद गप्प झाला तो झालाच. दिवसभर हॉलमध्ये सोफ्यावर, भिंतीला टेकून. जेवायला ये म्हटलं की यायचा, भाजी कशी झालीय विचारलं की नुसती मान हलवायचा. आमची सई तेव्हा तिसरीत. ती विचारायची, "आई, इज बाबा अँग्री विथ मी?"

क्लिनिकमधले डॉक्टर म्हणाले, औषधासोबत काहीतरी सॉफ्ट ऐकवा, शब्द नसलेलं. मला रोमेलची सीडी आठवली. रोमेल म्हणजे आमचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, कॉरिडॉरच्या टोकाच्या फ्लॅटमधला कबायान — फिलिपिनो लोकांना इथे सगळे असंच म्हणतात. हॉटेलच्या लॉबीत सॅक्सोफोन वाजवायचा. हॉटेलने बँड बंद केला आणि तो गाशा गुंडाळून मनिलाला परत गेला. जाताना स्वतःच्या बँडची सीडी देऊन गेला होता. "जॅझ, मॅम. व्हेरी मेलो. फॉर सर, फॉर रिलॅक्स."

शुक्रवारी दुपारी लावली. सॅक्स, पियानो आणि मागे ड्रमवर ब्रश फिरवल्यासारखा हलका आवाज. छान होतं हो! मी पाय पसरून बसले. आणि आमचे साहेब? लहानपणी डोंबिवलीच्या भजनी मंडळात तबला वाजवलेला माणूस… तो मात्रा मोजायला लागला! कपाळाला आठ्या. पहिल्या मात्रेवर मांडीवर थाप, मग चुळबुळ, मग पुन्हा पहिल्यापासून. सम शोधत होता! अरे, रिलॅक्स व्हायला लावलीय ना… मी वैतागून उठलेच.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. टक्… टक्. रोमेल गेल्यापासून बंद असलेल्या फ्लॅटच्या बाजूच्या भिंतीतून. मिलिंदची थाप एकवर, ही टकटक दोनवर आणि चारवर. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. भिंत पुन्हा दोनवर, चारवर. आणि मग, देवाशप्पथ सांगते, माझा नवरा कित्येक आठवड्यांनी आपणहून बोलला. "कोण आहे हा गाढव? सम सोडून भलतीकडेच टाळी देतोय!"

मला आनंद व्हायला हवा होता. मी आधी घाबरले, मग चिडले. नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, बोलावून तो फ्लॅट उघडायला लावला. आत धूळ आणि पडद्याचा रॉड, बस्स. लाइट-पाणीही तोडलेलं.

"देखो भाभी, पूरा खाली है. खलास," नातूर म्हणाला.

मिलिंद माझ्या मागेच उभा होता. "खाली आहे म्हणे! आणि टाळी खालीतूनच येतेय!" तबल्यात खाली म्हणजे जिथे टाळी द्यायचीच नसते ती जागा. स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसायला लागला. नातूर आ वासून बघत राहिला आणि मी तिथेच उभी राहून रडले.

त्यानंतर रोजची कटकट. मी दमूनभागून घरी यावं, तर हा भिंतीशी भांडतोय. "अरे हबीबी, एकवर ये ना, एकवर!" भिंत आपली दोन, चार… दोन, चार. तीच सीडी मैत्रिणीच्या गाडीत लावून पाहिली, त्यात टकटक नाही. एसी, पाइप, वरचे-खालचे शेजारी, सगळं तपासून झालं. शेवटी मनिलाला रोमेललाच फोन लावला. ठणठणीत! चुलत भावाच्या रेस्टॉरंटमध्ये वाजवत होता. म्हणजे भूत म्हणायचीही सोय नाही.

पण भिंतीशी भांडता भांडता मिलिंद माझ्याशी बोलायला लागला, सईचा अभ्यास घ्यायला लागला, सीव्ही पाठवायला लागला. पुढे शारजात नोकरी लागली. आणि एक दिवस सई शाळेच्या बँडची प्रॅक्टिस करून आली, बाबाला मांडीवर थाप देताना बघून म्हणाली, "बाबा, यू आर सो राँग! इन जॅझ इट्स टू अँड फोर. एव्हरीबडी नोज दॅट." आम्ही दोघं गारच पडलो. मनाचे खेळ म्हणावं, तर जे आम्हाला ठाऊकच नव्हतं ते मनात आलं कुठून?

शारजाला शिफ्ट व्हायचा दिवस. रस्त्यावर ट्रक उभा, ड्रायव्हर यल्ला यल्ला करतोय, आणि हा बांधलेला प्लेयर बाहेर काढून सीडी लावून बसला! मी ओरडणारच होते. मिलिंदने भिंतीवर बोटांनी थाप दिली. दोनवर. चारवर. इतकं भांडून शेवटी त्याने भिंतीचं ऐकलं. पलीकडे शांत. मला वाटलं, संपलं वाटतं.

मग टक्. एकवर. अगदी समेवर.

"आला," मिलिंद म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले.

शारजाच्या घरात मी सगळ्या भिंतींना कान लावून बघितलं, काही ऐकू येत नाही. मी त्याची बायको. मला जे जमलं नाही ते एका रिकाम्या फ्लॅटने करून दाखवलं, याचा मला अजून राग येतो. कोण होतं, का आलं, काही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. मला त्याला आधी चांगलं झापायचंय, आणि मग त्याच्या पाया पडायचंय.