भोंग्याच्या नावावर

जमनाफुई. माझ्या वडिलांची बहीण; आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. मी शिकावं म्हणून तिची स्वतःची मुलगी, सुमनताई, चौथीनंतर घरकामाला राहिली. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो या दोघींच्या जिवावर — हे मी सगळ्यांना सांगतो. पुढचं मात्र बायकोलाही सांगितलेलं नाही.

कॉलेजसाठी मी नवापूर-नंदुरबार अप-डाउन करायचो. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत; तिथल्या भोंग्यात सूचना चार भाषांत येते, आणि एकही धड कळत नाही. खरखर, मग घुमणारा आवाज, मग गाडीचा नंबर, की दुसरंच काही? सूचना झाली की लोक माझ्याकडे बघायचे. "काय सांगं रे, कॉलेजवाला?" मलाही कळलेलं नसायचं. पण तसं कसं म्हणणार? मी मान हलवायचो आणि म्हणायचो, "लेट शे." लेट म्हटलं की कोणी उलटून विचारत नाही. बहुतेकदा ते खरंही ठरायचं.

मग ती सकाळ. सुमनताई सुरतला बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण बाळ अशक्त होतं. ताईचा एकच निरोप — मायला लवकर आणा. फुई मेथीचे लाडू डब्यात बांधून माझ्यासोबत फलाटावर उभी होती. भोंगा वाजला. फुईने विचारलं, "काय म्हणस तो?"

आजूबाजूला चार माणसं ऐकत होती. आणि मी — काय सांगू — मी म्हणालो, "तासभर लेट शे, फुई. चाल, चहा पिऊत."

गाडी वेळेवरच आली, पण समोरच्या फलाटावर लागली होती; भोंगा तेच सांगत होता. मालगाडी आडवी होती, दिसली नाही. मालगाडी हलली तेव्हा आमच्या गाडीचा शेवटचा डबा जात होता.

पुढच्या गाडीने पोहोचलो, तोवर बाळ गेलं होतं. पुरूनही झालं होतं. फुईला नातीचं तोंडही पाहायला मिळालं नाही. ताईने विचारलं, इतका उशीर? फुई म्हणाली, "भोंगा समजना नही, बेटा." मी शेजारीच होतो. मी होकार दिला.

पुढे त्या भोंग्याबद्दल मी लेखी तक्रारही केली. गाडीतले लोक म्हणाले, शिकलेला माणूस असावा तर असा. तक्रारीत खोटं एक अक्षर नव्हतं. भोंगा आजही तसाच आहे.

फुई आता थकली; सुरतला ताईकडेच असते. ताई तिचं सगळं करते, पण कधी खटका उडाला की म्हणते, "त्या दिन तरी येळवर येवानं व्हतं, माय." फुई मान खाली घालते. मी तिथे चहा पीत बसलेला असतो. कितीदा? मोजलं नाही.

फुईला वाचता येत नाही. टपाल तिला ताईच वाचून दाखवते, हे ठाऊक असूनच मागच्या आठवड्यात हे पत्र पाठवलं.

"फुई, पाया पडस. त्या दिन भोंगामा काय सांगं, ते माले समजनंच नही. तरी मी गाडी लेट शे म्हणी दिधं, लोकेसमोर लाज वाटनी म्हणीसन. सुमनताई, तू हाई वाची ऱ्हायनी, ते तूबी ऐक. उशीर मायमुळे नही व्हयना. मन्हामुळे व्हयना."