सत्तावीस नंबरचं पाकीट

आमची ताई शिवणकाम करते. छत्तीस वर्षं झाली, पण तिने कुणाचं कापड वाया घालवलं नाही की कुणाकडून एक पैसा जास्त घेतला नाही. असं माणूस घरात असलं की बाकीच्यांना फार त्रास होतो, हे मी तिची धाकटी बहीण म्हणून सांगते.

चर्चचा दशांश हा तिचा असाच एक कडक नियम. कमाईचा दहावा भाग देवाचा, आणि तो दर रविवारी पाकिटात घालून द्यायचा. चर्चच्या पाकिटांवर सभासदाचा नंबर असतो. तिचा सत्तावीस, माझा अठ्ठावीस. मी पाकीट घरी विसरते, ती कधीच नाही.

या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने सुईला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मशीनवर चादर पडली आणि कमाई बंद झाली. घर माझ्या पगारावर चालत होतं. मी दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढते, त्यामुळे अगदीच काही उपाशी मरत नव्हतो. "तुझ्या पाकिटात मी घालते," म्हटलं, तर माझ्यावरच उखडली.

"तुझ्या पैशाचा दशांश तुझा. तो माझा कसा होईल?"

घ्या! हिच्यापुढे कोण डोकं फोडणार? मी नाद सोडला.

तरी दर रविवारी तिचं पाकीट चर्चमध्ये फिरणाऱ्या दानाच्या ताटात पडत होतं, आणि चांगलं वाजतही होतं. मला वाटलं, असतील बाई कुठे साठवलेली चार नाणी.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी प्रार्थना संपल्यावर खजिनदार आमच्यापाशी आले. आम्ही त्यांना मास्तरच म्हणतो, कारण शाळेत आम्हा दोघींना त्यांनीच गणित शिकवलं. "सत्तावीस नंबरच्या पाकिटाबद्दल जरा बोलायचंय," ते ताईला म्हणाले. "बुधवारी चारला ऑफिसात ये."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन खुर्चीत बसली ती बसलीच. खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"त्यात बटणं होती."

"कशात?"

"पाकिटात. रिकामं टाकलं तर आवाज होत नाही गं. शेजारच्यांना कळतं."

मला हसू फुटणार होतं, पण तिचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

"देवाला फसवलं मी," ती म्हणाली. "आता चारचौघांत निघणार हे. त्या बाकावर पुन्हा कुठल्या तोंडाने बसू?"

तिसरा बाक, खिडकीजवळचा. आमची आई तिथे बसायची. भाऊजी गेले तेव्हा पुढच्याच रविवारी ताई तिथे जाऊन बसली होती. तो बाक सुटणार म्हणून ती रडत होती, आणि डोळा अजून पुरता बरा झालेला नव्हता! मी तिच्यावर ओरडले. माझी माया अशीच बाहेर पडते, त्याला इलाज नाही.

बुधवारी मी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर गेले. मास्तर काही वेडंवाकडं बोलले असते तर त्यांची खैर नव्हती, मग पाढे त्यांनीच शिकवलेले का असेनात.

ऑफिसात मास्तर एक पांढरा झगा मांडीवर घेऊन बसले होते. गाणाऱ्या मंडळींचा. त्याला एक तांबडं बटण होतं, एक कोटाचं भलंमोठं तपकिरी आणि एक निळं.

"ये," ते ताईला म्हणाले. "निळं एकच आलंय. जोड आहे का गं त्याचा?"

"अं?"

"झग्यांची बटणं तुटलेली तुला दिसली म्हणून पाठवतेस ना? मी लावत गेलो."

आता एखादी हुशार बाई "हो" म्हणून मोकळी झाली असती. पण आमची ताई! तिने सगळं सांगून टाकलं. डोळा, मशीन, रिकामं पाकीट, आवाज, सगळं. आणि मान खाली घालून उभी राहिली. मी पदर खोचून तयार होते.

मास्तरांनी चष्मा काढला. "तीन महिन्यांत कमाई किती?"

"शून्य."

"शून्याचा दहावा भाग?"

 मास्तरांनी टेबलावर बोट आपटलं, थेट शाळेतल्यासारखं.

"शून्य, मास्तर."

"मग तुझा दशांश पुरा पोचलाय. बटणं वरची आहेत. त्यांची पावती कशी फाडू, तेवढं सांग."

माझा जीव भांड्यात पडला. ताई हसायला लागली ती थांबेचना. हसता हसताच तिने झगा ओढून घेतला, उलटा केला, आणि तिचं कपाळ आठ्यांनी भरलं.

"हा टाका कुणी घातला?"

"मी," मास्तर जरा ऐटीतच म्हणाले.

"मास्तर, तुम्ही गणितच बघा. पुढच्या महिन्यात मला सुई हातात घ्यायची परवानगी मिळेल, तेव्हा सगळे झगे घरी पाठवा."

त्या रविवारी ती तिसऱ्या बाकावर बसली. ताट आलं तसं तिने सत्तावीस नंबरचं रिकामं पाकीट त्यात टाकलं. आवाज झाला नाही. ताईने शेजारी बघितलंसुद्धा नाही. पुस्तक उघडलं आणि सगळ्यांच्या आधी मोठ्याने गायला लागली, नेहमीसारखी बेसूर.