पहिलं बाळंतपण माहेरी

"आजी, तू ह्यांची नाहीसच. यू आर अडॉप्टेड," नात म्हणाली.

हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला मुलाच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. तिला शाळेसाठी वंशावळ करायची होती. माझ्या धाकट्या नणंदेची मुलगी जळगावकडे शिक्षिका आहे. तिने कचेरीत जाऊन माझ्या वडिलांच्या गावचं कोतवाल बुक पाहिलं, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी वही, आणि पानांचे फोटो मोबाइलवर पाठवले. वडिलांच्या नावावर तीन मुलगे होते. मुलगी एकही नव्हती.

"असू दे ना आई," मुलगा म्हणाला. "या वयात काय फरक पडतो?"

"तुला पडत नसेल. आई माझी आहे."

लहानपणी बोहारणीकडून घेतली म्हणून सगळ्याच पोरींना चिडवतात, मलाही चिडवलं. ते मी कधी मनावर घेतलं नाही. पण आता वहीच तसं सांगत होती. आई गेली ती माझ्या मांडीवर. नातीने कागदावर तिच्यापासून माझ्यापर्यंत दत्तकाची तुटक रेघ ओढायला घेतली.

"पेन्सिल ठेव खाली," मी म्हणाले. "तुझा बाबा कुठे जन्मला?"

"पुण्यात?"

"माझ्या माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मी आईची पहिली. मग वडिलांच्या गावच्या वहीत मी कशी सापडेन?"

"पण माहेरी का जायचं?"

"सासूसमोर बाळंतीण पाय पसरून झोपेल का?"

मुलगा दोन डिग्र्या घेतलेला. त्याला हे सुचलं नव्हतं. मी चौथी शिकलेली.

माझं आजोळ आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. भाचीने तिथल्या कचेरीत विचारलं. इतकं जुनं दप्तर इथे नाही, असं उत्तर आलं.

"झालं," मुलगा म्हणाला.

"काय झालं? मी जन्मले तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता. पश्चिम खानदेश म्हणायचे. मामा कोर्टाच्या तारखेला धुळ्याला जायचा, दोन दिवसांची भाकरी बांधून. धुळ्याला विचारायला सांग तिला."

"जिल्हेपण बदलतात?" नातीने विचारलं.

"गाव जागच्या जागी असतं. कचेरी हलते."

तीन आठवड्यांनी धुळ्याहून फोटो आला. नातीला मराठी वाचता येत नाही आणि मुलगा चष्मा शोधत बसला, म्हणून मीच मोठ्याने वाचलं. बारशाआधीची नोंद, त्यामुळे नाव नाही. मुलगी. बापाचं नाव बरोबर. खबर देणारा, आईचा बाप.

"मग मी आईचीच," मी म्हणाले. "काढ आता सरळ रेघ."

तिने काढली. त्या रेघेशेजारी माझ्या भावांच्या तीन रेघा आल्या. मला एकच भाऊ होऊन गेल्याचं ठाऊक होतं. आईने बाकीच्या दोघांबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. भाचीने मृत्यूच्या पानांचेही फोटो पाठवले होते, ते आम्ही तेव्हा पाहिले. एक अकरा दिवसांचा, एक चार महिन्यांचा, एक वर्षाचा.

आईला चार मुलं झाली. त्यांतली जगली ती मी एकटीच.