आज्ञेपुढचं नाव

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नोएडाच्या घरी पोह्यांना फोडणी देत होते. "बेबी, हे गेले गं… पेपर वाचता वाचता," एवढंच बोलली ती. गॅस बंद केला आणि मेट्रो धरली. नोएडा ते द्वारका म्हणजे आख्खी दिल्ली ओलांडायची, रडायला भरपूर वेळ मिळतो. रडलेही. पण खरं सांगू, यमुना मागे पडली आणि मला दादाचं काहीतरी आठवून हसूच यायला लागलं. शेजारच्या मुलीनं चमकून पाहिलं. आता काही आठवडे उलटलेत, तरी तो आठवला की आधी हसू येतं. म्हणून तर लिहायला बसले.

शांतवनदादा माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. केंद्र सरकारच्या नोकरीत तो दिल्लीला आला, मागोमाग मीही आले. दादा म्हणजे नियमांचा किडा. ऑफिसात मोठे साहेबसुद्धा सही करण्याआधी विचारायचे, "शांतवनजी, रूल क्या कहता है?" घरीही तीच तऱ्हा. रविवारी इस्त्रीला हात लावायचा नाही, जेवणाआधी प्रार्थना झालीच पाहिजे, आणि ती संपेपर्यंत भाजी गार. वहिनी करवादायची, "देवाला थोडक्यात कळत नाही का हो?"

रिटायर झाल्यावर त्यानं द्वारकेच्या फ्लॅटमध्ये रविवारी संध्याकाळी मराठी प्रार्थनासभा सुरू केली. चर्चमध्ये सगळं हिंदी नाहीतर इंग्रजी. इथे आपली चार-पाच कुटुंबं जमायची, शिवाय गावाकडून यूपीएससीच्या तयारीला आलेली पोरं. त्यांतली निम्मी तर हिंदूच, वहिनीच्या थालीपिठांवर डोळा ठेवून येणारी. आधी दादा लहान मुलांकडून दहा आज्ञा म्हणून घ्यायचा. दिल्लीत वाढलेली मुलं, मराठी शब्दांशी त्यांची झटापट चालायची. एकदा एकानं विचारलंच, "मामा, व्यभिचार मतलब?" दादा शांतपणे म्हणाला, "मोठा झालास की सांगेन. तोवर करू नकोस."

मग मोठ्यांची पाळी. ही दादाची खास पद्धत. तो म्हणायचा, "येशूनं सगळं दोन आज्ञांत आणून ठेवलंय. देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती. ती नसेल तर दहाच्या दहा पाळूनही हाती भोपळा." प्रत्येकानं शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा म्हणायची आणि पुढे एका माणसाचं नाव घ्यायचं. आवडत्या माणसाचं नाही हं! त्या आठवड्यात जो डोक्यात गेला असेल, त्याचं. आणि पुढच्या रविवारपर्यंत त्याच्यासाठी काहीतरी करायचं. "तो आवडलाच पाहिजे असं कुठे म्हटलंय? प्रीती करायला सांगितलीय. ती हातापायांनी होते." पोरं घरमालकाचं नाव घ्यायची, मी ऑफिसातल्या साहेबाचं. दादाचं नाव मात्र कायमचं ठरलेलं, खालच्या मजल्यावरचे मल्होत्राजी. पार्किंगवरून दोघांचं रोज वाजायचं. दर आठवड्याला मल्होत्राजींकडे लाडू नाहीतर करंज्या जायच्या. शेवटी ते स्वतःच वर आले आणि हात जोडून म्हणाले, "भाईसाहब, गाड़ी जहाँ मर्ज़ी लगाओ, बस मिठाई बंद करो. शुगर बढ़ गई है!"

हसण्यावारी चालू होतं ते सगळं… आणि मग माझ्या लेकीचं, रीमाचं लग्न ठरलं. रीमाचे बाबा ती कॉलेजात असतानाच गेले, तेव्हापासून मामाच तिचं सर्वस्व. तिनं मनिंदर पसंत केला. सरदार, करोल बागेत गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान. दादानं ऐकलं आणि गंभीर झाला. "मुलगा चांगला असेल. पण धर्माबाहेरच्या लग्नाला मी येणार नाही." रीमाचा चेहरा पार उतरला. "मामा, मग मला हाताला धरून आत कोण नेणार?" दादानं पेपर तोंडासमोर धरला. माझं डोकंच फिरलं. "तुझे नियम तुझ्यापाशीच ठेव!" असं सुनावून मी बाहेर पडले. पोरगी घरी येऊन मुकाट्यानं पाहुण्यांना फोन करत बसली. तिचं ते शहाण्यासारखं वागणं मला बघवत नव्हतं.

लग्नाआधीच्या रविवारी तिनंच मला ओढत द्वारकेला नेलं. तिची पाळी आली. तिनं आज्ञा म्हटली आणि सरळ दादाकडे बघत नाव घेतलं, "शांतवनमामा." पुढची पाळी दादाची. आता मल्होत्राजीच येणार असं आम्ही धरून चाललो होतो. दादानं आज्ञा म्हटली, थांबला, चष्मा काढून पुसला… "मनिंदर," म्हणाला. वहिनी हळूच बोलली, "म्हणजे आता काहीतरी करावं लागेल हो." "माहितीये गं. नियम माझाच आहे," दादा पुटपुटला.

दुसऱ्याच दिवशी स्वारी गाडी घेऊन करोल बागेत हजर. मनिंदरशी काय बोलला देव जाणे, परतला तो गाडीला नवे वायपर लावून. आणि लग्नात, डोक्याला केशरी रुमाल बांधून, रीमाचा हात धरून त्यानं तिला गुरुद्वाऱ्यात नेलं. लंगरमध्ये दोनदा डाळ मागून घेतली नि माझ्या कानात म्हणाला, "बेबी, बघ, सगळे एका पंगतीत! आपल्याकडे आधी कमिटी बसली असती." त्या दिवशी मला माझ्या भावाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.

दादा गेल्यावर गेल्या रविवारी पहिल्यांदा सभा भरली. मनिंदरही आला होता, लग्नापासून तो फारसा चुकवत नाही. त्याच्या पाळीला त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत आज्ञा म्हटली आणि पुढे नाव घेतलं, "मामाजी." एका चिमुरडीनं लगेच टोकलं, "जीजाजी, जिसपे गुस्सा है उसका नाम लेते हैं!" "हाँ, तो उन्हीं पे है," तो म्हणाला. "मिले बिना चले गए." आम्ही सगळे रडलो, आणि रडता रडता हसलोही. वहिनीनं डोळे पुसले. "नाव घेतलंस ना बेटा? मग पुढच्या रविवारपर्यंत त्यांच्यासाठी काहीतरी करावं लागेल."

मनिंदरनं थोडा विचार केला. "चलो, अगले संडे बच्चों की आज्ञा मैं लूँगा." त्याला अजून सगळ्या येत नाहीत, सहावीनंतर गाडी अडते. काल मी दुकानात फोन केला, तर गिऱ्हाईकाला थांबवून ठेवून सरदारजी मराठीत आज्ञा घोकत होता.