वा म्हणजे ये
मांडवाचे छप्पर पेटले होते आणि त्याच्याखाली माझी दहा वर्षांची धाकटी बहीण डोळे मिटून गातच होती. तंजावुरात राजवाड्याजवळच्या मैदानात तेव्हा दर उन्हाळ्यात गाण्यानाचण्याचा उत्सव भरत असे. त्या संध्याकाळी वारा सुटला, टांगलेली गॅसबत्ती हेलकावून छपराला लागली आणि वाळक्या झावळ्या भडकल्या. लोक पळता पळता तिला बोलावत होते, “वा! वा!” तमिळमध्ये वा म्हणजे ये. पण गाणे मराठी होते, आणि आमच्या वडिलांनी, अप्पांनी, तिला बजावले होते, “लोक वा वा म्हणाले तर डोळे उघडू नकोस, आणखी खुलून गा.” तिने आवाज चढवला. मी बायकांच्या बाजूला बांबूच्या कठड्याशी चेंगरले होते. मीसुद्धा वा म्हणूनच ओरडले; घरात आम्ही ‘ये’ म्हणतो, ते तोंडात आलेच नाही. शेवटी अप्पा आत शिरले. “थांबा अप्पा, एक कडवे राहिले,” ती म्हणाली. त्यांनी तिला उचलून बाहेर फेकले, तोच मांडव बसला. आज शेजाऱ्यांनी झावळ्या जाळल्या, त्या वासाने हे आठवले. बहीण वाचली. अप्पा वाचले नाहीत.