चिंचेने घासलेले रुपये

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी उत्तनच्या बाजारात बोंबील घेत होते. कोळीण विचारत राहिली, "बाय, घेतंस का न्हाय?" आणि मला काही ऐकूच येईना... ऐकू न येण्यावरून शेवटची दोन वर्षं मी दादाला फार बोलले, म्हणून हे आधी सांगितलं.

दादा माझा थोरला भाऊ. मीरा रोडला, नया नगरच्या अलीकडे, दोन खोल्यांत एकटा राहायचा. वडिलांनी ठेवलेले चांदीचे रुपये आणि चवल्या त्याने बिस्किटांच्या डब्यात जपल्या होत्या. "आजच्या भावात किती होतील?" असं कुणी विचारलं की तो आकडा सांगत नसे. "हा रुपया म्हणजे आईचा आठवड्याचा बाजार. ही चवली म्हणजे जत्रेत आपण दोघं पाळण्यात बसलो ते." माझी मुलं वैतागायची, मला मात्र तो हिशोब पटायचा.

दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाला मी तो डबा मागून आणला. देवीपुढे काळीकुट्ट नाणी कशी ठेवायची? चिंच-मीठ लावून एकूणएक नाणं लख्ख घासलं. दादाने एक रुपया उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. मग हसून म्हणाला, "वा गं बाई, टाकसाळच काढलीस की!" मी फुशारले.

त्याचं कानाचं जुनं मशीन आधीच कुरकुरायचं, पुढे ते नुसत्या शिट्ट्या मारायला लागलं. "चांगलं घे ना एक, चिंगूस कुठला!" मी ओरडायचे. "घेतोय गं, घेतोय." एकदा तर चिडून मी फोनच ठेवला. त्याचं आज फार वाईट वाटतं.

तेराव्यानंतर डबा घेऊन भाईंदरच्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. त्याने इतकं जपलं, त्याची किंमत कळावी, एवढंच. दुकानदाराने रुपया उलटसुलट करून पाहिला.

"ये तो वही हैं! साहब दो साल पहले, दिवाली के पहले दिखाके गये थे. कान की नयी मशीन लेनी थी उनको. मैंने अच्छा भाव बोला था." मग मान हलवली. "घिसा हुआ सिक्का शौकीन लोग नहीं लेते, बहनजी. बाद में आये तो मैंने सिर्फ चाँदी का भाव बोला. बोले, रहने दो, बहन ने प्यार से चमकाये हैं."

त्या दुकानातून मी घरी कशी आले, आठवत नाही.

डबा आता माझ्या देव्हाऱ्याखाली असतो. परवा नातवाने त्यातला एक रुपया उचलला. "आजी, या सगळ्यांचे आजचे किती होतील?"

आकडा मला ठाऊक होता. पण तोंडून दादाचाच हिशोब आला. "एक कानाचं मशीन झालं असतं, बाळा."

"आणि आता?"

"आता... माझा दादा एकदा हसला होता, तेवढे."