कार्ड सापडत नाही

दुष्काळाच्या त्या वर्षांत मुकुंदवाडी स्टेशनजवळ माझं दोन कॉम्प्युटरचं दुकान होतं. चहूकडं नवे फ्लॅट उठत होते, पण नळाला पाणी त्यांच्याही नव्हतं. एका साली तर दसऱ्यालाच गावोगाव टँकर मागवायची वेळ आली. टँकरचा प्रस्ताव ऑनलाइन जायचा. सरपंचाच्या डिजिटल सहीचं चिपवालं कार्ड रीडरमध्ये घालायचं, पिन टाकायचा, मग मी लिहिलेली स्क्रिप्ट सगळे कागद सहीनिशी कुलूपबंद करून पाठवायची. त्या स्क्रिप्टचा मला भलताच तोरा होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवगाव रंगारीकडच्या एका गावच्या सरपंचबाई आल्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. गावची विहीर आटलेली, आणि प्रस्तावाची मुदत संध्याकाळी पाचला संपणार. हुकली तर टँकर पंधरा दिवस लांबणीवर.

"दादा, माणसं कशीबशी काढतील तेवढे दिस. मेंढरं नाय काढायची," त्या म्हणाल्या.

कार्ड घातलं. पडद्यावर आलं: कार्ड सापडत नाही.

रीडर काढून दुसरीकडं खोचला. ड्रायव्हर पुन्हा टाकला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. मग स्वतःच्याच स्क्रिप्टवर संशय घेऊन ती ओळ न् ओळ वाचली. शेवटी माझं कार्ड घालून बघितलं, तर ते मुकाट चाललं! साडेचार वाजले होते. मी खेकसलोच, "ताई, हे पाण्यात घातलंत का काय?"

"पाणी हाय कुठं?" बाई म्हणाल्या.

मला फस्सकन हसू आलं. हसता हसता कार्ड पहिल्यांदाच उजेडात धरलं. चिपवर तांबूस पापुद्रा. बोट फिरवलं तर तेलकट. कुंकू! अरे गाढवा, दोन तास स्क्रिप्ट वाचलीस, कार्डाकडं एकदा बघायचं नाही?

बाईंनी कपाळावर हात मारला. खंडेनवमीला सासूबाईंनी विळे, कुऱ्हाड, मेंढरांची कातर पुजायला मांडली होती. त्याच ओळीत सुनेचं कार्डही ठेवलं, आणि तेलात कालवलेलं कुंकू नेमकं त्या सोनेरी चौकोनावर लावलं.

चिप आधी फडक्यानं पुसली, मग खोडरबरानं हलकेच घासली. कार्ड घातलं. हिरवा दिवा! स्क्रिप्ट धावली, सही झाली, आणि पाचला आठ मिनिटं कमी असताना पोच आली. मी खुर्चीतून उठून शिट्टीच मारली. लई म्हणजे लई आनंद झाला. बाई हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या.

लगेच त्यांनी स्पीकरवर सासूला फोन लावला. आता सासूचा खरपूस समाचार ऐकायला मिळणार म्हणून मी कान टवकारले.

"आत्याबाई, माझ्या कार्डाला कुंकू लावलं व्हतं का?"

"व्हय," म्हातारी म्हणाली. "माझा जलम आंगठं उठवण्यात गेला. आपल्या घरात पहिली सही तुझी. तिला नाय लावायचं तर कुणाला?"



"परस्ताव गेला, आत्याबाई. तुमच्या कुंकवानंच गेला," असं म्हणून त्यांनी माझ्यावर डोळे वटारले, मी मधे काही बोलू नये म्हणून.